झेकोबाईचा भाव

नव्वदच्या दशकात नाशिकच्या गंगापूर रोडला तीन गोष्टींचे भाव दर महिन्याला वर जात होते: प्लॉटचे, द्राक्षांचे आणि चंदर थेटे यांच्या झेकोबाईचे. पहिल्या दोन गोष्टी लोक निदान विकत तरी घेत. झेकोबाई कुणी घेत नव्हतं, आणि कुणी घेऊ नये याचा पुरता बंदोबस्त खुद्द चंदरतात्यांनीच करून ठेवलेला होता.

झेकोबाई म्हणजे मोटरसायकल. पण दूधवाल्याची असते तशी साधीसुधी नव्हे. मातीचे ढिगारे, चर, चिखल यांच्यावरून उड्या मारत शर्यत खेळायची, त्या मोटोक्रॉसच्या जातीची. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही, आणि मागे बायकोला बसवावं म्हटलं तर सीटसुद्धा नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला झेकोस्लोव्हाकियाचा एक साहेब आला होता. त्यानं ही सोबत आणली, दोन वर्षं गंगापूर धरणाकडच्या माळावर मनसोक्त उधळली आणि एकोणऐंशी साली मायदेशी जाताना त्याच कारखान्यात फिटर असलेल्या चंदरला देऊन टाकली. फुकट नाही हं. साहेबाच्या मडमेला येवल्याची पैठणी हवी होती. चंदरनं ती दिली. जांभळी, मोराच्या पदराची, एकदाच नेसलेली. आता एकदाच नेसलेली म्हणजे कोणी नेसलेली, ते सांगायला नको. चंदरच्या बायकोनं, लंकाबाईंनी, ती लग्नात नेसली होती, त्यानंतर त्या पैठणीची घडी मोडलीच नव्हती, आणि मोडायला गेल्या तेव्हा ट्रंकेत नुसत्या डांबराच्या गोळ्या होत्या.

तेव्हापासून घरात त्या गाडीचं नाव सवत. बाहेर झेकोबाई.

पुढं तात्यांनी नोकरी सोडली आणि आनंदवल्लीत, रस्त्याला लागून असलेल्या घराच्या खालच्या बाजूला गॅरेज थाटलं. खाली दोन गाळे होते. एकात गॅरेज, आणि दुसऱ्यात फुलाफुलांच्या चादरीखाली झेकोबाई, एकटी, ऐसपैस. त्या गाळ्यावर लंकाबाईंचा डोळा होता. त्या माहेरच्या नामपूरच्या, बागलाणातल्या, आणि त्यांच्या हातचा काळा मसाला ज्यानं एकदा खाल्ला तो पुन्हा पिशवी घेऊन दारात उभा राही. पण मसाला कुटायचा कुठं? स्वयंपाकघरातल्या मिक्सरची दर उन्हाळ्यात मोटर जळायची. गाळा मिळाला तर मिरची कांडपाचं मशीन टाकू, आख्ख्या गंगापूर रोडच्या बायका येतील, हे गणित त्यांनी कधीचं मांडून ठेवलं होतं. त्र्याण्णवच्या दसऱ्याला त्यांनी तात्यांना पाटावर बसवून, समोर पुरणपोळी वाढून, तूप हातात धरून विचारलं.

"गाळा कधी रिकामा करताय?"

तात्यांनी पोळीकडं पाहिलं, तुपाकडं पाहिलं. "योग्य भाव आला की त्याच दिवशी विकतो. शब्द देतो."

लंकाबाईंनी तूप वाढलं. 'योग्य' या शब्दात माणूस दहा वर्षं लपून बसू शकतो, हे त्यांच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

मग सुरू झाला तो भाव. समोरच्या चहाच्या टपरीवरून सकाळी कुणीतरी हाळी द्यायचं, "काय तात्या, आज काय निघाला बाजार?" आणि तात्या हात पुसत, बाजार समितीच्या सचिवाच्या गांभीर्यानं सांगायचे, "पंचेचाळीस." म्हणजे पंचेचाळीस हजार. संक्रांतीला पन्नास. होळीला पंचावन्न. पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, त्यातला प्रकार. फक्त इथं म्हैस पाण्याबाहेर काढायची मालकाचीच इच्छा नव्हती.

गिऱ्हाइकं येत नव्हती असं नाही. नाशिकला या मातीतल्या शर्यतींचं खूळ पहिल्यापासून. पण भाव गाडीचा नसतो, माणसाचा असतो, हा तात्यांचा सिद्धांत. कॉलेजातल्या एका मुलाला त्यांनी पन्नास सांगितले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचेच एक हाडांचे डॉक्टर आले, त्यांना साठ.

"काल त्या मुलाला तर पन्नास म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

"तो पडला तर तुमच्याकडं येईल. तुम्ही पडलात तर कुणाकडं जाल? त्या काळजीचे दहा."

निफाडचा एक द्राक्षबागाईतदार हट्टाला पेटून आला होता. तो साठही द्यायला तयार झाला. तात्यांचा चेहरा ढळला नाही. म्हणाले, घ्या, पण आधी किक मारून दाखवा. आणि इथं तात्यांची खरी हातचलाखी होती. गिऱ्हाईक आलं की ते चादर काढायच्या निमित्तानं वाकत आणि प्लगची टोपी हळूच वर ओढून ठेवत. वरून बघणाऱ्याला टोपी जागेवर दिसे, पण ठिणगी म्हणून पडायची नाही. बागाईतदारानं चाळीस किका मारल्या. घामानं निथळला, पायाला गोळा आला. तात्या खेदानं मान हलवत पुढं झाले, इंजिनाला नमस्कार केल्यासारखे वाकले, टोपी दाबली आणि एक किक मारली. झेकोबाई फटफटायला लागली, गाळा निळ्या धुरानं भरला.

"परक्याला ओळखत नाय ती," तात्या म्हणाले. "मी तरी काय करू?"

बागाईतदार लंगडत गेला आणि त्या उन्हाळ्यात त्यानं ट्रॅक्टर घेतला.

आता खरं सांगायचं तर तात्यांच्या या सगळ्या दिमाखाखाली जरा ओलसर जमीन होती. एक्क्याऐंशी सालच्या शर्यतीत त्यांनी झेकोबाईवरून तिसरा नंबर मिळवला, तो कप गॅरेजात गणपतीशेजारी ठेवलेला होता. कप खरा. नंबरही खरा. पण त्या शर्यतीत पाच गाड्या उतरल्या होत्या. एक सुरूच झाली नाही, एक पहिल्याच चिखलात रुतली. राहिल्या तीन. त्यात तात्या तिसरे. आणि दुसरी गोष्ट अशी की झेकोबाईचा एकेक अवयव गेली पंधरा वर्षं गळत होता आणि सुट्या भागांचं झेक दुकान काही भद्रकालीच्या बाजारात नव्हतं. मग पुढचे शॉकअप राजदूतचे आले, पिस्टन आणखी कुणाचा आला, टाकी एका पत्र्याच्या कारागिराकडून ठोकून घेतली. सांगाडा तेवढा अस्सल झेक, बाकी सगळा नाशिक जिल्हा. हे तात्यांना ठाऊक होतं आणि आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती.

सत्त्याण्णव साली पुण्याहून एक पारखी आला. जुन्या गाड्या गोळा करणारा, बारीक, चष्मेवाला, खिशात विजेरी. त्यानं भाव विचारला नाही. सरळ पाठ टेकून झेकोबाईखाली शिरला आणि पंधरा मिनिटं आतच राहिला. टपरीवरची दहा माणसं ग्लास हातात घेऊन गाळ्यासमोर जमली. पारखी बाहेर आला, कपडे झटकले आणि शाळामास्तर निकाल वाचतो तसा मोठ्यानं म्हणाला, "सांगाडा चांगलाय. बाकी सगळं इथलंच भंगार. साडेआठ हजार देतो."

तात्या हसले. खूप हसले. "साडेआठमध्ये तुम्हाला हिची चादर देतो," म्हणाले आणि त्याला वाटेला लावला. लोकही हसले. पण त्या दुपारी लंकाबाईंनी वाढलेलं ताट तात्यांनी तसंच सरकवलं. भरलं वांगं होतं, तरी.

टपरीवाल्यांना काय, आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्या दिवसापासून कुणी कुणाला वेळ विचारली की दुसरा म्हणायचा, "साडेआठ." दुपारी बारालाही साडेआठ आणि संध्याकाळी पाचलाही साडेआठ. तात्यांनी महिनाभर टपरीवर पाय ठेवला नाही. त्यांना लागलं होतं, आणि फार लागलं होतं. झेकोबाई गेली असती तर ते दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले असते. पण ती साडेआठला गेली असं चारचौघांत झालं, तर ऐन उमेदीची वर्षं जिच्यावर मिरवली ती सगळीच साडेआठची ठरली असती. पोटातली भीती ही होती. गाडीची नव्हती, आकड्याची होती.

मग माणूस घाबरला की करतो तेच त्यांनी केलं. पत्र्याची पाटी घेतली आणि लाल रंगात लिहिलं: 'विकणे आहे. सव्वा लाख. एकच भाव.' पाटी गाळ्यावर टांगली. त्यानंतर सहा वर्षं एकही माणूस आत आला नाही. तात्यांना त्याचं बरंही वाटे आणि वाईटही.

लंकाबाईंनी त्या सहा वर्षांत तीन मिक्सर जाळले. चौथ्या मिक्सरचं खोकं घरात आलं तेव्हा त्यांनी ते तात्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "योग्य भाव आला का हो?"

"येईल ना. घाई कशाची?"

"मी अठ्ठेचाळीसची झाले. मिरची काय स्मशानात कांडू?"

दोन हजार तीनची आखाजी आली. खान्देश-बागलाणाकडं अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लंकाबाई नामपूरला आठ दिवस राहून आल्या. तात्यांनी आठ दिवस मिसळ खाल्ली, मजेत काढले. त्या परत आल्या त्या पापड, सांडगे आणि एक विलक्षण शांत चेहरा घेऊन. मिक्सरचं नाव नाही, सवतीचं नाव नाही. तात्यांना वाटलं, चला, माहेरच्या हवेनं डोकं थंड झालं. बायको गप्प बसली की नवऱ्यानं हिशेब करावा, उशी शोधू नये. पण ही अक्कल तात्यांना लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी आलेली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी दारात एक पिकअप थांबली. तिच्यातून धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर उपरणं अशा थाटाचा एक पन्नाशीचा गृहस्थ उतरला.

"राम राम. गाडी दखाले उनू," तो म्हणाला. "मी भिका. नामपूरना शे."

गाडी बघायला आलाय एवढं तात्यांना कळलं. हा कांद्याचा व्यापारी असावा, पाटीवरचा आकडा त्याला वाचता आला नसावा, असं मनाशी म्हणत ते आत गेले. चादर काढताना सवयीनं वाकून प्लगची टोपी वर ओढून ठेवली आणि बाजूला झाले.

भिकाशेठनं झेकोबाई बैल बघतात तशी बघितली. समोरून बघितली, मागं जाऊन बघितली. सीटवर थाप मारली. चाकाजवळ उकिडवा बसून चेनच्या चक्राचे दात मोजले. मग उठून हँडल धरलं आणि गाडी दोन पावलं चालवून तिची चाल बघितली. एवढं होईपर्यंत टपरी रिकामी झाली होती आणि मंडळी गाळ्यापुढं येऊन उभी होती.

"किंमत?" भिकाशेठनं विचारलं.

"सव्वा लाख. एकच भाव," तात्या म्हणाले.

भिकाशेठ ओट्यावर मांडी घालून बसला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि उजव्या हातावर पसरलं. "तोंडना भाव वारावर जास," तो म्हणाला. "हात द्या."

तोंडानं सांगितलेला भाव वाऱ्यावर जातो, म्हणून हात द्यायचा. तात्या गोंधळले. सगळी हयात नाशकात, कारखान्यात आणि गॅरेजात गेलेली. लंकाबाई पदराला हात पुसत वरून आल्या होत्या. "रुमालाखाली भाव करतात आमच्याकडं," त्यांनी सांगितलं. "बैलबाजारात. बोटं धरून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला दिसता कामा नये."

"एवढंच ना," म्हणून तात्यांनी बाह्या सरसावून हात उपरण्याखाली घातला. भिकाशेठनं त्यांची दोन बोटं धरली, सोडली, मग करंगळीच्या पेरावर दाबलं. तात्यांनी फिस्सकन हसून हात बाहेर ओढला.

"गुदगुल्या होतात राव."

मंडळी हसली. भिकाशेठ हसला नाही. तो हात पसरून तसाच बसून राहिला.

"सरका," लंकाबाई म्हणाल्या आणि ओट्यावर त्याच्यासमोर बसल्या.

"वहिनी, बायका बसतात का यात?" टपरीवाल्यानं विचारलं.

"नाही बसत. पण बाप दलाल होता आणि त्याला मुलगा नव्हता. हात दुखेस्तोवर माझ्या बोटांवर सराव केलाय त्यानं." त्यांनी तात्यांकडं पाहिलं. "आणि पैठणी माझी गेली होती."

पैठणीपुढं तात्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. ते त्यांच्या कानाशी वाकले. "सव्वा लाखाच्या खाली एक पेरसुद्धा सरकायचं नाय."

"बरं," लंकाबाई म्हणाल्या आणि हात उपरण्याखाली गेला.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. म्हणजे वर काही झालं नाही. खाली उपरणं हालत होतं, एकदा उंच झालं, एकदा मागं ओढलं गेलं. दोघांचे चेहरे मात्र पंगतीत मठ्ठा यायची वाट बघणाऱ्यांसारखे. भिकाशेठ मध्येच मान हलवी. लंकाबाई मध्येच छताकडं बघत. एकदा त्यांनी हात काढून घेतल्यासारखं केलं, तेव्हा भिकाशेठनं तो घाईनं परत धरला. टपरीवाला वाकून वाकून उपरण्याखाली बघायला गेला आणि तोल जाऊन ऑइलच्या डब्यावर बसला. तात्या मान लांबवून बघत होते. आतापर्यंत भाव कसाही चढला-उतरला तरी तो त्यांच्या तोंडातून निघत होता. आज पहिल्यांदा तो त्यांच्या समोर, हातभर अंतरावर ठरत होता आणि त्यांना दिसत नव्हता.

उपरणं एकदम थांबलं. भिकाशेठनं हात काढला, बंडीच्या खिशातून एकशे एक रुपये काढून लंकाबाईंच्या तळहातावर ठेवले. लंकाबाईंनी ते कपाळाला लावले.

"विसार घेतला," त्या म्हणाल्या. "गेली."

"गेली म्हणजे?"

"विकली."

तात्या पुढं सरकले. "केवढ्याला?" तोंडातून निघालं खरं, पण निघताक्षणीच त्यांना ते परत गिळावंसं वाटलं. दहा माणसं कान टवकारून उभी होती. नऊ हजार म्हणाली तर? सात म्हणाली तर?

लंकाबाई उठल्या, साडी झटकली. "रुमालाखालचा भाव सांगत नसतात. विकणाऱ्यानंही नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. सांगितला तर सौदा नासतो."

"नासस," भिकाशेठनं दुजोरा दिला.

"अहो, पण मी मालक हाय ना?"

"बैलालाही विचारत नाहीत," लंकाबाई म्हणाल्या. टपरी पोट धरून हसली.

तात्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. "सुरू करून तर बघा," ते भिकाशेठला म्हणाले, आणि मनातल्या मनात चाळीस किका मोजायला सज्ज झाले. सुरू झाली नाही तर विसार परत, हे कुठल्याही बाजारात मान्य होईल. भिकाशेठनं झेकोबाई समोरच्या मोकळ्या प्लॉटवर नेली, धोतराचा काचा मारला आणि किकवर पाय ठेवला. पहिल्याच किकेला ती गर्जली. तात्या धावले, वाकून बघतात तर प्लगची टोपी घट्ट बसवलेली, आणि तिच्यावर हळदीच्या बोटाचा पिवळाधमक ठसा.

पुढं जे झालं ते गंगापूर रोड अजून सांगतो. भिकाशेठनं प्लॉटला एक फेरी मारली. मग कोपऱ्यात मुरमाचा ढीग होता, त्यावर गाडी घातली. धोतर, टोपी, उपरणं, सगळं गाडीसकट हवेत गेलं, तिथं क्षणभर राहिलं आणि पलीकडं दोन्ही चाकांवर अलगद उतरलं.  झेकोबाई इतकी उंच तात्यांनी कधीच उडवली नव्हती. छाती झाली नव्हती. त्यांना मत्सर वाटला, मग अभिमान वाटला, आणि मग ती पिकअपमध्ये चढली, दोरखंडानं बांधली गेली आणि रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा नुसतं रडू आलं. ते त्यांनी ऑइलच्या फडक्यात पुसलं, त्यामुळं दिवसभर तोंड काळं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस तात्यांनी लंकाबाईंचं डोकं खाल्लं. भाकरी थापताना विचारलं, दळण निवडताना विचारलं. "नऊ?" म्हणायचे आणि चेहऱ्याकडं बघायचे. "नव्वद?" म्हणायचे, पुन्हा बघायचे. चेहरा नऊलाही तोच, नव्वदलाही तोच. नामपूरला एसटीडी लावून भिकाशेठला गाठलं, तर त्यानं नाशकात पाऊस किती झाला ते विचारलं आणि फोन ठेवून दिला. गाळ्यात कांडपाचं मशीन आलं. तात्या ताबडतोब दुकानात जाऊन त्याची किंमत विचारून आले. पण लंकाबाईंनी त्यात बारा वर्षांच्या भिशीचे पैसेही घातले होते, आणि भिशीचा आकडा त्या कुणाच्या बापाला सांगणाऱ्या नव्हत्या.

"ते शॉकअप राजदूतचे निघाले म्हणून त्यानं भाव पाडला का?" शेवटी एक दिवस तात्या चिडून बोलून गेले, आणि जीभ चावली.

"तुम्ही ते बसवलेत तेव्हा पाना मीच धरला होता," लंकाबाई मिरच्यांची देठं खुडत म्हणाल्या. "टाकीला पत्रा कुठला लागला तेही माहितीये. माझ्या पिठाच्या डब्याचा."

 म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. तात्या तसेच उठले आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा टपरीवर गेले. मंडळी वाटच बघत होती. त्यांना चहा दिला गेला, बाकावर जागा करून दिली गेली, आणि मग टपरीवाल्यानं घड्याळाकडं न बघता विचारलं, "काय तात्या, किती वाजले? साडेआठ?"

दहाजणांनी ग्लास खाली ठेवले. तात्यांनी तोंड उघडलं, आणि उघडल्यावर त्यांना एक चमत्कारिक गोष्ट कळली. हो म्हणायला त्यांच्याकडं काही नव्हतं. आपण म्हणू तो आकडा खोटा ठरवायलाही या लोकांकडं काही नव्हतं. नामपूरचा माणूस सांगणार नव्हता, बायको सांगणार नव्हती. आकडा या जगात कुठंच नव्हता, आणि आता तो तात्या म्हणतील तो होता.

"दीड लाख," तात्या म्हणाले.

कुणी हसलं नाही. एकानं "असेल बुवा" म्हटलं, दुसऱ्यानं भिकाशेठची ती उडी आठवली, आणि टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. तात्या ताठ मानेनं उठले. रस्ता ओलांडताना मात्र त्यांची पावलं मंदावली. लंकाबाईंनी सौदा नासू नये म्हणून तोंड बंद ठेवलेलं नव्हतं. ते सरकवलेलं ताट सत्त्याण्णव साली त्यांनीच उचललं होतं, आणि त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. बाजारात त्या गाडीला काय मिळणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तो भाव अशा जागी केला होता की जिथून तो कधी चारचौघांत येणार नाही.

गाळ्यात मशीन धडधडत होतं. लाल धुरळा उडत होता. तात्या शिंकत शिंकत दारात उभे राहिले. लंकाबाईंनी नाकावरचा पदर सरकवला.

"काय सांगितलंत मंडळींना?"

"दीड."

"सव्वा सांगायचं. पाटीवर सव्वा होतं ना? झाकली मूठ सव्वा लाखाचीच असते. दीड म्हणजे अगदीच अंगावर येतं."

"उद्या सांगतो की थोडं कमी केलं म्हणून," तात्या म्हणाले. ते तिथंच उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण अठ्ठावीस वर्षांत तसलं काही बोललेलं नसलं की जीभ वळत नाही.

लंकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. गाळ्यात दोघांशिवाय कुणी नव्हतं, रस्ताही मोकळा होता. त्यांनी हात झटकले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "फार जीव खाल्लात. बापाला वाईट वाटेल, पण सांगते. सांगू?"

तात्यांनी मिरचीचं पोतं उचललं आणि मशीनजवळ आणून ठेवलं.

"नको," ते म्हणाले.